छत्री कुणाची, बॉक्स कुणाचा?

डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवर गंजलेल्या डिशच्या छत्र्या दिसतात. भाडेकरू गेला, कंपनी बदलली, छत्री राहिली. खरं तर छत्री म्हणजे लहरी एका बिंदूवर गोळा करणारा वाकवलेला पत्रा. तिचं तोंड जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवलं, एलएनबी जुळला, की तिच्यावरच डीडी फ्री डिश दिसते.

सेट टॉप बॉक्सचं तसं नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत केबल डिजिटल करायची मुदत होती ३१ मार्च २०१३. बॉक्स घरोघरी आले, पण एका कंपनीचा दुसरीकडे चालत नाही. बऱ्याचदा आड येतं ते कुलूप, आणि ते माझ्यासारखंच कुणीतरी कोडमध्ये लिहितं. चोरी रोखायला कुलूप हवंच. पण पैसे न भरणाऱ्याला अडवणं वेगळं, पैसे भरून निघून जाणाऱ्याला अडवणं वेगळं. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने २०२० मध्येच केली होती.

म्हणून ग्राहकाला काटकसर शिकवण्याआधी विचारावं, चावी कुणाकडे आहे? ज्याच्याकडे ती नाही, त्याला बॉक्सच्या कचऱ्याचा दोष देता येत नाही. छत्रीचा मात्र देता येतो. तिला फक्त पाना लागतो.