'सॉरी' म्हणजे काय?

शास्त्रपाठ : लूक १९:१-१०

खानापूर-लोंढा लोहमार्गावरील गुंजी येथे एका आजारी वृद्ध बंधूंच्या घरी येऊन प्रार्थना करण्याचे आम्ही कबूल केले होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करिता करिता तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी उपासना आटोपून गुंजी स्टेशनात उतरलो आणि त्यांच्या दारी पोहोचलो, तो आजोबा प्रभूकडे गेलेले. आम्ही एवढेच म्हणालो, "आजी, सॉरी." आजींनी डोळे पुसले व विचारले, "साहेब, तुमचं ते सॉरी म्हणजे काय हो?" आम्हांस उत्तर सुचेना.

घरी येऊन शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' असा होता व तो 'दुखणे' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. जखम ठणकते तेव्हा इंग्रज मनुष्य 'सोअर' म्हणतो, त्याचाच हा भाऊ. 'सॉरो' म्हणजे दुःख. तो कानाला जवळचा वाटतो, पण त्याचे मूळ निराळे आहे. तेव्हा सॉरी म्हणणारा मुळात सांगत होता की, माझे मन दुखत आहे. आज बसमध्ये पायावर पाय पडला तरी सॉरी, नीट ऐकू आले नाही तरी सॉरी! दुखणे गेले, शब्द तेवढा उरला.

आपल्या भाषेतील शब्दही पाहा. 'दिलगीर' हा फारसी शब्द. ज्याचे काळीज धरले गेले आहे तो. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा दाह. 'क्षमा' या शब्दाच्या मुळाशी सोसणे आहे. क्षमा करणाऱ्यास काही सोसावे लागते, हे वधस्तंभाकडे पाहिले म्हणजे कळते. आपले कानडी शेजारी 'तप्पायितु', म्हणजे 'चूक झाली', असे सरळ सांगतात.

पवित्र शास्त्र याही पुढे जाते. जुन्या करारातील इब्री शब्दाचा अर्थ आहे मागे फिरणे. नव्या करारातील ग्रीक शब्दाचा, मन पालटणे. यहूदा इस्कर्योतालाही वाईट वाटले. त्याने रुपे परत नेऊन दिली, पण तो प्रभूकडे परतला नाही. पेत्र रडला आणि परतला. जक्कयाने तर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली व ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. त्याच्या मनाचे दुखणे त्याच्या हातापर्यंत पोहोचले.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, मूल सॉरी म्हणाले की तेवढ्यावर त्यास सोडू नका. प्रेमाने विचारा : कोणाला दुखले? तुला काय वाटले? आता तू काय करशील? आणि हेच प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःस विचारावेत. भावाभावांत बांधावरून अबोला आहे, मंडळीत जुने रुसवे आहेत. तेथे नुसत्या एका शब्दाने भागणार नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गुंजीस गेलो. आजींना म्हणालो, "आजी, आमची चूक झाली. आजोबा वाट पाहत राहिले." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी चटई अंथरली व म्हणाल्या, "बसा. आता प्रार्थना करा."

प्रभू आपणां सर्वांस मागे फिरण्याची कृपा देवो. आमेन.