मोती पिकायची वाट

‘मोती अजून पिकला नाही,’ म्हणत मोतीबिंदू झालेली मंठा-परतूरकडची कितीतरी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं अंदाजानं वावरतात. सुपातले खडे आजी डोळ्यांनी नाही, बोटांनी वेचते. पिकायची वाट पाहण्याचे दिवस खरं तर कधीच गेले. उलट फार पिकला, तर शस्त्रक्रिया अवघड होते. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. पण घरातली खरी अडचण वेगळीच: दवाखान्यात नेणार कोण? सुगीत तर कुणालाच सवड नसते. म्हणूनच जालन्याचं श्री गणपती नेत्रालय हे धर्मादाय रुग्णालय गावोगाव तपासणी शिबिरं घेतं. मला हे गावापर्यंत जाणंच मोठं वाटतं. तुमच्या गावात शिबिर लागलं, की आजीला गाडीवर बसवून तेवढं घेऊन जा.