दुःख आणि करुणा : वाकलेल्यांचा न्याय कोणी करावा?

परचक्राच्या काळातून गेलेल्या एका शहराची हकिकत चित्रपटात दाखविली, तर ती पाहून लोक एकमुखाने काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत. कोणी म्हणेल, अखेर सत्य बाहेर आले. कोणी म्हणेल, ही आमच्या देशाची बदनामी आहे. आणि ज्यांनी सर्वांत जास्त सोसले त्यांच्यातही दोन तट पडतील. फ्रान्समध्ये नेमके हेच घडले.

चित्रपटाचे नाव 'ल शाग्रँ ए ला पितिए'. मराठीत सांगायचे तर 'दुःख आणि दया'. मार्सेल ओफ्यूल्स या दिग्दर्शकाने १९६९ साली तो पुरा केला. ओफ्यूल्स हे ज्यू कुटुंबातले. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली ते लहानपणीच आईबापांबरोबर जर्मनीतून फ्रान्समध्ये आले, आणि पुढे फ्रान्सही पडल्यावर १९४१ साली अमेरिकेला गेले. २०२५ साली ते वारले. चार तासांहून मोठ्या या अनुबोधपटात नट नाहीत. क्लेर्मों-फेराँ या शहरातली आणि आसपासची माणसे समोर बसून बोलतात. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, जर्मन अधिकारी, नाझींच्या बाजूने लढलेला एक फ्रेंच सरदारपुत्र, तुरुंगातून पळालेले आणि पुढे पंतप्रधान झालेले पिएर मांदेस-फ्रान्स, असे सगळे. चित्रपटाचे नावही अशाच एका औषधविक्रेत्याच्या बोलण्यातून आले आहे. त्या दिवसांत तुम्हांला काय वाटत होते, या प्रश्नाला त्याने हे दोन शब्द उत्तरादाखल दिले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला. मार्शल पेतँ यांचे सरकार विशी येथे बसले. दक्षिणेत जर्मन फौजा नोव्हेंबर १९४२ पर्यंत आल्या नव्हत्या, तरी ज्यूंविरुद्धचा पहिला मोठा कायदा या फ्रेंच सरकारने ऑक्टोबर १९४० मध्येच केला. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३,००० ज्यू धरले गेले. त्यांत चार हजारांवर मुले होती. धरणारे पोलीस फ्रेंच होते. एकंदर सुमारे ७६,००० ज्यूंना फ्रान्समधून छळछावण्यांकडे धाडण्यात आले. परत आले ते सुमारे अडीच हजार.

आता चित्रपटातली तीन माणसे पाहू.

पहिला एक दुकानदार. त्याचे आडनाव ज्यू वाटावे असे होते. म्हणून त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, मी ज्यू नाही. दुसरे, शाळेतले दोन वयस्क शिक्षक. ज्यू सहकाऱ्यांना नोकरीतून काढले तेव्हा तुम्ही काही केले का, असे विचारले तर त्यांना फारसे आठवत नाही. सर्वांनी मिळून राजीनामे द्यावेत ही कल्पनाच त्यांना अजब वाटते. तिसरा एक शेतकरी. तो प्रतिकारात होता. कोणीतरी चुगली केली आणि त्याला बूखनवाल्डच्या छावणीत नेले. तो जगून परत आला. चुगली करणारा कोण हे त्याला ठाऊक आहे. तो जवळपासचाच माणूस आहे. पण त्याने सूड घेतला नाही.

फ्रान्सच्या सरकारी दूरदर्शनने हा चित्रपट दाखविण्यास नकार दिला. एप्रिल १९७१ मध्ये तो पॅरिसच्या एका लहान चित्रपटगृहात लागला आणि लोकांची रीघ लागली. दूरदर्शनवर तो यायला १९८१ साल उजाडले.

प्रेक्षकांत तीन तट पडले. सरकारी मंडळींचे म्हणणे असे की, राष्ट्राला काही दंतकथांची अजून गरज आहे, त्या कशाला मोडता? सारा फ्रान्स शत्रूशी झुंजला ही ती दंतकथा. युद्धानंतर वाढलेल्या तरुणांना उलट वाटले. आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला फसविले, असे म्हणून ते घरी जाऊन आईबापांना विचारू लागले, तुम्ही तेव्हा काय करीत होता?

तिसरा तट सर्वांत विचार करायला लावणारा आहे. सिमोन वेय या बाईंना सोळा वर्षांच्या वयात आऊश्वित्झला नेले होते. आई, वडील आणि भाऊ असे तिघे त्यांनी गमावले. पुढे त्या न्यायखात्यात गेल्या आणि दूरदर्शनच्या संचालक मंडळावर होत्या. त्यांनीच या चित्रपटाला विरोध केला! त्यांचा आक्षेप असा की, सारे फ्रेंच नीच होते असा समज यातून होतो आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपविले त्यांच्यावर अन्याय होतो. हा आक्षेप पोकळ नाही. फ्रान्समधले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले, आणि शेजाऱ्यांच्या मदतीवाचून ते सारे वाचले नसते.

मग न्याय कोणी करावा? चित्रपटात याचे एक उत्तर आहे. युद्धकाळात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असलेले ॲंथनी ईडन म्हणतात की, ज्या देशाने शत्रूचा अंमल भोगला नाही त्याला भोगलेल्या देशाचा निवाडा करण्याचा अधिकार नाही. हे ऐकून मन नम्र होते. सुरक्षित घरात बसून दुसऱ्याच्या भीतीला भ्याडपणा म्हणणे सोपे असते.

परंतु वाचकहो, हे उत्तर पुरेसे आहे काय? मला वाटते, नाही. कोणीच निवाडा करायचा नसेल तर ज्याची चुगली झाली त्या शेतकऱ्याने कोठे जावे? छावणीत मेलेल्या मुलांच्या बाजूने कोणी बोलावे? परिस्थिती कठीण होती एवढे म्हणून सर्वांना सोडले, तर ज्याने दार उघडले आणि ज्याने दार लावून घेतले ते दोघे सारखेच ठरतात. हाच वेयबाईंचा मुद्दा दुसऱ्या बाजूने येतो. दार उघडणाऱ्याचा मान राखायचा तर दार लावणे हे चूक होते, असे म्हणावेच लागते.

म्हणून माणसाचा निवाडा आणि कृत्याचा निवाडा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मी त्या जागी असतो तर काय केले असते, हे मला माहीत नाही. म्हणून माणसाला शेवटचा शिक्का मारण्याचा अधिकार माझा नाही. पण कृत्य बरे की वाईट हे सांगण्याची जबाबदारी माझी आहे. ती टाळली तर उद्या माझ्या दारावर थाप पडेल तेव्हा मला मार्ग दिसणार नाही.

त्या दुकानदाराचे पाहा. तो खोटे बोलला काय? नाही. तो खरोखरच ज्यू नव्हता. त्याने कोणाला मारले नाही, कोणाची चुगली केली नाही. मग चुकले कोठे? ज्यू असणे हा एक आळ आहे आणि तो अंगावरून झटकला पाहिजे, ही जुलमी सत्तेची भाषा त्याने मान्य केली. ज्यांना तो आळ झटकता येत नव्हता त्यांना त्याने आणखी एकटे पाडले. नावावरून माणूस पारखण्याचा रोग काय असतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. सम्यक वाचा म्हणजे नुसते खरे बोलणे नव्हे. ते बोलणे कोणाच्या अहिताला लागते आहे हेही पाहावे लागते.

आता त्या शेतकऱ्याकडे वळू. निवाड्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्याला आहे, कारण भोगले त्याने. तो सूड घेत नाही. पण 'काही झालेच नाही' असेही म्हणत नाही. घरच्या मंडळींसह टेबलाशी बसून तो सगळे सांगतो. काय झाले ते सांगतो, कोणी केले ते ठाऊक असल्याचेही सांगतो. वैराने वैर शमत नाही, हे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. पण वैर सोडणे म्हणजे सत्य सोडणे नव्हे, हे या माणसाकडून शिकावे. गप्प बसून झाकलेली जखम म्हणजे क्षमा नव्हे.

चित्रपटाच्या नावातला दुसरा शब्द मी वर 'दया' असा दिला. या लेखाच्या मथळ्यात मात्र 'करुणा' घातला आहे. दया वरून खाली पाहते. करुणा शेजारी बसते. तथागतांनी दुःख झाकायला सांगितले नाही. ते जसे आहे तसे पाहायला सांगितले, त्याचे कारण शोधायला सांगितले. त्या अधिकाऱ्यांना दुःख झाकायचे होते. रागावलेल्या तरुणांनी ते पाहिले, पण शेजारी बसायला ते अजून तयार नव्हते. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या धरपकडीतली आपल्या राज्याची जबाबदारी उघडपणे मान्य केली ती १९९५ साली, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. मोठ्या राष्ट्रालाही खरे बोलायला एवढा काळ लागला.

घरातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना जरूर विचारावे, तुम्ही तेव्हा काय केले? वडीलधाऱ्यांनीही लाज न बाळगता सांगावे. मात्र विचारणाऱ्याने तोच प्रश्न रात्री निजताना स्वतःलाही विचारावा. आज आपल्या शेजारच्या कोणावर असा आळ आला आहे, आणि आपण कोणती जाहिरात देत आहोत?