यापो बंदरावरून

ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार जवळ आला, की आपल्या हाती मिशन रविवारचे पाकीट येते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ठरवून दिला. आपण पाकिटात यथाशक्ती पैसे घालतो, अर्पणाच्या वेळी टोपलीत टाकतो आणि प्रेषितकार्यातला आपला वाटा उचलला असे समजून घरी येतो. पैसे कारणी लागतात, त्याबद्दल शंका नाही. पण प्रभूने 'जा' म्हटले तेव्हा जाणाऱ्याला काय सोडायला सांगितले होते, हा प्रश्न पाकिटात मावत नाही.

यापो बंदराच्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. परमेश्वराने योनाला निनवेला जायला सांगितले. तो यापोला आला, भाडे भरले आणि उलट दिशेला, तार्शीशला जाणाऱ्या गलबतात बसला. आपल्या लक्षात राहतो तो मासा! पळण्याचे कारण मात्र चौथ्या अध्यायात आहे. परमेश्वर दयाळू आहे, तो निनवेकरांनाही क्षमा करील, हे योनाला ठाऊक होते आणि नेमके तेच त्याला नको होते.

त्याच यापोत पुढे पेत्र राहिला, शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी. भर दुपारी तो प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला. पोटात भूक होती. आकाशातून चादर उतरली, तिच्यात नाना तऱ्हेचे प्राणी, आणि 'मारून खा' अशी वाणी. पेत्राने चक्क प्रभूला नकार दिला. तीन वेळा असे घडले, तोच कैसरियाहून कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे दारात उभी राहिली. पेत्राने त्यांना घरात घेऊन मुक्काम करू दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाला. आपण या प्रसंगाला कर्नेल्याचे परिवर्तन म्हणतो. नीट वाचले तर कर्नेल्य आधीपासूनच प्रार्थना आणि दानधर्म करणारा माणूस होता. बदलावे लागले ते पेत्राला.

'धर्मांतर' हा शब्द आज उच्चारायलाही आपण बिचकतो. कर्नेल्याला कोणी आमिष दाखवले नव्हते. बोलावणे त्याच्याकडून आले होते. पेत्राचे भाषण संपण्याआधीच पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरला, बाप्तिस्मा नंतर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभा स्वभावतःच प्रेषितकार्य करणारी आहे असे सांगितले आणि श्रद्धेची सक्ती कोणावरही करता येत नाही असेही सांगितले. हे दोन्ही दस्तऐवज एकाच दिवशी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, जाहीर झाले. आम्हांला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक आहे, त्यालाच निमंत्रण देता येते.

पेत्र यरुशलेमला परतला तेव्हा त्याच्यावर ठेवलेला आक्षेप मोठा बोलका आहे. 'बाप्तिस्मा का दिलास?' असे कोणी विचारले नाही. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवलास का, असे विचारले. आणि गलतीकरांस पत्रात पौल सांगतो, की पुढे अंत्युखियात, लोक काय म्हणतील या भीतीने, हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला. ज्याने चादर पाहिली तोही!

आपल्या गावांत, इमारतींत आता नाना प्रांतांची माणसे राहतात. 'बाहेरचे' हा शब्द आपल्या तोंडात सहज येतो. जमिनी गेल्या, गर्दी वाढली, ही तक्रार खोटी नाही. योनाचा रागही अगदीच निराधार नव्हता. नाताळात आपण शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट आठवणीने पाठवतो, मुलांच्या हाती, रुमालाने झाकून. त्या शेजाऱ्यांच्या घरी आपण शेवटचे कधी जेवायला बसलो, हे आम्ही परवा आठवू लागलो. आठवेना. त्यांनी बोलावले नव्हते असे नाही.