कलम कुणाच्या हाती?

आमच्या शिरवण्यात पोरे एकमेकांना चिडवताना आजही म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा रे!" जुईनगर स्टेशनावर ठाण्याची लोकल मिळते, पण या वाक्यातले ठाणे म्हणजे शहर नव्हे. ते म्हणजे १९०१ पासून उभे असलेले तिथले मनोरुग्णालय. माझ्या वर्गातली मुले उर्दू माध्यमाची. कुणाच्या घरात दखनी बोलतात, कुणाच्या घरात कोकणी. पण हे वाक्य सगळ्यांना येते. लहानपणी मीही ते म्हटले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्याच घरावर वेळ आली तेव्हा मला ते आठवले आणि मान खाली गेली.

माझी आपा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुल्हाभाई कुवेतला. मुलगा झाला, सातव्या दिवशी अकीका झाला, घर पाहुण्यांनी भरले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी आपा गप्प होऊ लागली. आधी झोप गेली, मग बोलणे गेले, मग खाणे. बाळ रडत असले तरी ती छताकडे पाहत राही. तिचा हात उचलून धरला तर तो तसाच हवेत राही. शेवटी ती पाण्याचा घोटही गिळेना.

आधी आमिल आला. त्याने सावली असल्याचे सांगितले, धूप घातला, ताविज बांधला. तरीही फरक पडेना, तेव्हा तो म्हणाला की एका दर्ग्यावर नेऊन हिला चाळीस दिवस बांधून ठेवा. अब्बा तयार झाले होते. मी अडून बसलो. आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की पोटात अन्नपाणी नाही, गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतील, तेवढा वेळ हिच्याकडे नाही. विजेचा उपचार द्यावा लागेल.

'शॉक' हा शब्द ऐकताच अम्मी मटकन खाली बसली. "तौबा! माझ्या पोरीला करंट लावणार?" अम्मीच कशाला, माझ्याही डोळ्यांपुढे सिनेमाच आला. १९६७ च्या 'ज्वेल थीफ'मध्ये खलनायक नायकाची आठवण पुसण्यासाठी त्याला विजेचे झटके देतात. आपल्याकडे बहुतेकांचे या विषयातले शिक्षण एवढेच. दुल्हाभाई फोनवर म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच ठरव." बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवले होते, पण अशी सही कशी करायची ते कुठल्याच पेपरात नव्हते. मी सही केली. आपा समोरच खाटेवर पडली होती. मी कागद घेऊन तिच्याजवळ गेलो नाही. तिला काही कळत नाही, हे मी गृहीत धरले होते.

नंतर मी या उपचाराचा इतिहास मिळेल तिथून वाचला. १९३४ मध्ये बुडापेस्टमध्ये लादिस्लास मेदुना या डॉक्टरांनी कापराचे इंजेक्शन देऊन मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणली. फिट आणि वेड एका शरीरात सहसा एकत्र राहत नाहीत, असा त्यांचा समज होता. तो समज पुढे टिकला नाही, पण काही रुग्ण खरोखर सुधारले. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बीनी यांनी तीच फिट विजेने आणायचे ठरवले. किती वीज माणसाला सोसेल, याचा अंदाज चेर्लेत्तींना शहराच्या कत्तलखान्यात आला. तिथे डुकरांना कापण्यापूर्वी विजेचा धक्का देत. डुकरे त्याने मरत नसत, त्यांना फक्त फिट येई.

एप्रिल १९३८ मध्ये त्यांनी पहिला माणूस निवडला. रोमच्या रेल्वे स्टेशनावर भटकताना पोलिसांना सापडलेला, असंबद्ध बडबडणारा, ज्याचे म्हणावे असे कुणी सोबत नव्हते असा. पहिला झटका कमी पडला. दुसरा द्यावा की नाही याची डॉक्टरांत चर्चा चालू असताना तो माणूस एकाएकी स्वच्छ भाषेत बोलला: पुन्हा नको, याने जीव जाईल, अशा अर्थाचे. ही हकिकत स्वतः चेर्लेत्तींनी लिहून ठेवली आहे. त्याचे ऐकले गेले नाही. दुसरा झटका जास्त जोराचा दिला गेला, फिट आली, आणि पुढच्या काही झटक्यांनंतर तो माणूस सुधारून घरी गेला.

मी या प्रसंगापाशी पुष्कळ दिवस अडकलो होतो. त्या माणसाने शुद्धीत उच्चारलेले पहिले वाक्य नकाराचे होते. तो नकार डावलला गेला आणि त्याचे भले झाले. मग डॉक्टर बरोबर की चूक? भले झाले म्हणून विचारले नाही ते माफ होते का?

पुढची काही वर्षे पाहिली की उत्तर सोपे राहत नाही. सुरुवातीला हा उपचार भूल न देता होई. फिटीच्या जोराने मणके मोडत, जबडा निखळे. जगातल्या अनेक वेड्यांच्या इस्पितळांत दंगा करणाऱ्याला गप्प करण्यासाठी, धाक म्हणूनही झटके दिले गेले. ज्याला विचारायचेच नाही, त्याच्यावर उपचार आणि शिक्षा यांतले अंतर किती लवकर पुसते, हे त्या काळाने दाखवले. १९५० च्या दशकात भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांची जोड मिळाली आणि चित्र बदलले.

आज काय होते ते आपाच्या वेळी मी दाराबाहेर उभा राहून पाहिले. रात्रीपासून पोट रिकामे. सकाळी भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, स्नायू सैल करतात, प्राणवायू देतात, दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवतात. वीज काही सेकंदच जाते. फिट मेंदूत येते, साधारण अर्धा-एक मिनिट. बाहेरून पाहणाऱ्याला पायाची बोटे हललेली दिसतात, एवढेच. आठवड्यातून दोन-तीनदा, असे बहुधा सहा ते बारा वेळा. लाखभर वेळा उपचार दिला तर त्यामागे मृत्यू दोनच्या आसपास. खोल उदासीनता, खाणेपिणे सोडणे, आत्महत्येचा ध्यास, शरीर लाकडासारखे होणे, अशा अवस्थांत इतक्या लवकर गुण देणारे दुसरे साधन कमीच आहे. मात्र किंमत पडते ती आठवणींची. उपचाराच्या काळातले आणि त्याच्या आधीचे दिवस धूसर होतात. पुष्कळसे परत येते. काहींचे काही कायमचे जाते.

आपल्याकडे हा वाद मुंबईतून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीच्या एका नियतकालिकात २००३ मध्ये रंगला. बंगळुरूच्या निम्हान्समधील डॉ. चित्तरंजन आंद्रादे यांनी प्रश्न मांडला: जिथे भूलतज्ज्ञच नाही आणि रुग्ण मरणाच्या दारात आहे, तिथे भुलीशिवाय उपचार देणे वाईट, की काहीच न देणे वाईट? पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी ठामपणे उत्तर दिले की भुलीशिवायचा झटका कोणत्याही सबबीखाली नैतिक ठरत नाही. गरिबाला भूलतज्ज्ञ मिळत नाही हा व्यवस्थेचा दोष. त्याची भरपाई गरिबाच्या हाडांनी का करायची? दोन्ही बाजू वाचताना मला दोन्हींत तळमळ दिसली. शेवटी कायद्याने निवाडा केला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने भुलीशिवायचा विजेचा उपचार बंद केला. लहान मुलांना तो देण्यासाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. तातडीच्या नावाखाली परस्पर झटके देण्याची वाटही बंद केली. आणि त्याच कलमात, विजेच्या शेजारीच, आणखी एक मनाई आहे: मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येणार नाही.

ही मनाई तिथे आली त्यामागची आठवण आपल्या समाजाला विसरता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. त्यांना तिथे आणून सोडणारे दुश्मन नव्हते. आईबाप होते, भाऊ होते. आमच्यासारखेच, चाळीस दिवसांच्या आशेने आलेले. आमिल अब्बांना 'बांधून ठेवा' म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एरवाडी होते.

११५४ मध्ये दमास्कसला नूरुद्दीनने आणि १२८४ मध्ये कैरोला सुलतान कलावूनने उभारलेल्या बीमारिस्तानांत मनोरुग्णांची सोय होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आज आपल्या माणसाला साखळी का? दर्ग्यावर जाण्याला माझा विरोध नाही. दुआने मनाला धीर येतो. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात तर दुआबरोबर दवाही मिळावी म्हणून मानसोपचाराची सोय सुरू झाली आणि मुजावरांनीच लोकांना तिकडे पाठवले. दुआने दवेची वाट अडवू नये आणि दवेने दुआची थट्टा करू नये, इतके तर आपल्याला जमायला हवे.

पण साखळी असो की वीज, मूळ प्रश्न तोच राहतो. जो स्वतःचे भले ठरवू शकत नाही, त्याचे भले ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

हदीसमध्ये आले आहे की तीन माणसांवरून कलम उचलली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. म्हणजे त्यांच्या कृत्यांची नोंद होत नाही. आपण हे करुणेचे वचन म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. मला त्या दिवसांत त्यातली दुसरी बाजू दिसली. आपावरून कलम उचलली गेली होती आणि संमतीच्या कागदावर टेकवायला ती माझ्या हातात आली होती. तिच्याबाबतीत त्या महिन्यात जे काही झाले त्याची नोंद आता माझ्या खात्यावर होणार होती. शिवाय हदीसमध्ये 'शुद्धीवर येईपर्यंत' हे शब्द आहेत. म्हणजे कलम कायमची काढून घेतलेली नाही, ती अमानत म्हणून आपल्याकडे आहे. अमानत परत करावी लागते, हिशेबासह.

हा हिशेब द्यायलाच मी चुकलो. तिसऱ्या उपचारानंतर आपाने पाणी मागितले. पाचव्यानंतर तिने बाळाला जवळ घेतले. आठवे झाल्यावर आम्ही तिला घरी आणले. आणि सगळ्यांनी मिळून ठरवले की तिला टायफॉइड झाला होता असे सांगायचे. सासरी कळले तर काय म्हणतील? उद्या मुलाच्या सोयरिकीच्या वेळी कुणी बोट दाखवले तर? मीही मान डोलावली. तिच्या भल्यासाठीच.

सहा महिन्यांनी ती मला अकीक्याचा फोटो दाखवत म्हणाली, "यात मी हसतेय. मला यातलं काहीच आठवत नाही. टायफॉइडने असं होतं का रे?" मी विषय बदलला. नंतर कपाटात तिला फाइल सापडली. माझ्या सहीचा कागद तिने माझ्यासमोर ठेवला. मला वाटले, आता ती विचारेल की शॉक का दिलास. ती म्हणाली, "सही केलीस ते बरं केलंस, नाहीतर मी मेले असते. पण शुद्धीवर आल्यावर तरी सांगायचं होतंस. आठ महिने मी माझ्याच डोक्याला दोष देतेय."

मला उत्तर सुचले नाही. रोमच्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात जाब विचारत होतो आणि घरात तेच करून बसलो होतो. त्यांनी रुग्णाचे ऐकले नाही. आम्ही तर तिला बोलायची वेळच येऊ दिली नाही. तिच्या आजाराची आम्हाला लाज वाटली आणि त्या लाजेला आम्ही तिचे भले असे नाव दिले.

आजाऱ्याची संमती मिळत नसेल तर काहीच करू नये, असे मी म्हणणार नाही. तसे केले असते तर आज माझा भाचा आईविना असता. प्रेमाने केलेले सगळे माफ असते, असेही मी म्हणणार नाही. एरवाडीच्या साखळ्याही प्रेमानेच बांधल्या होत्या. मला एवढेच समजले आहे की दुसऱ्याची कलम हाती आली तर तिने कमीत कमी लिहावे, जे तो शुद्धीत असता तर त्याने लिहिले असते असे वाटते तेवढेच लिहावे, आणि तो परतला की कागद त्याच्यापुढे ठेवावा.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे, तिची माहिती आपल्या वस्तीत फारशी कुणाला नाही. माणूस बरा असताना स्वतःच लिहून ठेवू शकतो की पुढे आजार उलटला तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावे. मी हे आपाला सांगितले. तिने कागद घेतला आणि उर्दूत, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिले. विजेचा उपचार लागला तर द्यावा. बांधू नये. वतीने बोलणारा म्हणून माझेच नाव. आता त्याचे कायदेशीर रूप करून घ्यायचे आहे.

खाली तिने एक ओळ नंतर जोडली होती. मी विचारले, ही कशाला? ती म्हणाली, "राहू दे." ती ओळ अशी होती की जे काही करणार असाल ते आधी मला सांगा, मला कळत नाही असे वाटले तरी सांगा.