न दिसलेला गंज

हिवाळ्यात युरोपातल्या शिडाच्या होड्या क्रेनने उचलून धक्क्यावर ठेवतात, तेव्हा मालकाची नजर आधी कीलकडे जाते. होडीच्या पोटाखाली पात्यासारखी बसवलेली, बिडाची किंवा शिशाची ही वजनदार कील वाऱ्यापुढे होडीला कलंडू देत नाही. बिडाची असेल तर तिच्यावर तांबूस फोड हमखास असतात. रंग फुगलेला, खरवडला की खाली पापुद्रे. बघणाऱ्याच्या छातीत धस्स होते.

बहुतेक वेळा ही भीती अनाठायी असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दिसतो भयंकर. जाडजूड बिडाचे नुकसान मात्र थोडेच झालेले असते. उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. सँडब्लास्टिंग करून किंवा ग्राइंडर मारून धातू चकचकीत उघडा करायचा आणि दमट हवेने पुन्हा लाली धरायच्या आत इपॉक्सी प्रायमरचा हात मारायचा. त्यावर आणखी थर चढवायचे. शेवाळ रोखणारा तांब्याचा रंग थेट बिडावर लावायचा नाही, कारण तांब्याच्या संगतीने लोखंड आणखी झिजते.

कील आणि होडी यांच्या सांध्यातून ओघळणारी तपकिरी रेघ मात्र वेगळी. कीलला धरून ठेवणारे बोल्ट त्याच सांध्यातून जातात आणि नेमका तोच भाग डोळ्यांना दिसत नाही. बिडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील, तर त्या पोलादाचे तसे नाही. त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायलाच प्राणवायू लागतो. फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्यातला प्राणवायू संपला की बोल्ट आतल्या आत पोखरला जातो आणि वरचा नट चकाकत राहतो.

दिसणाऱ्यावरून न दिसणारे ठरवायचे, हा न्यायदर्शनाचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेचा, जुना प्रश्न. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. अग्नीवरून धूर होत नाही, कारण त्याला ओले सरपण लागते. नैयायिक या अटीला उपाधी म्हणतात. ‘रेघ आहे, म्हणजे बोल्ट गेला’ हे विधान असेच उपाधीत अडकते, कारण रेघ बिडाच्या वरच्या कडेचीही असू शकते. म्हणून जाणता तपासनीस आणखी खुणा शोधतो. होडी कोरड्यावर येऊन बरेच दिवस झाले तरी सांधा पाझरतो का? आत नटाभोवती ओल आहे का? चार्वाक म्हणेल, प्रत्यक्षच खरे, बोल्ट काढून बघा. पुष्कळ जण तसा एक बोल्ट काढतातही. पण त्या एकावरून उरलेल्यांविषयी बोलायचे तर पुन्हा अनुमानच करावे लागते.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. मे 2014 मध्ये ‘चीकी राफिकी’ ही होडी अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकमध्ये तिची कील निखळली आणि चौघे खलाशी गेले. उलटी तरंगणारी होडी सापडली, तेव्हा जीवरक्षक तराफा आत जागच्या जागी होता. तो बाहेर काढण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नसावा, या विचाराने आजही गलबलून येते. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने 2015 च्या अहवालात म्हटले की, होडी आधी तळाला घासल्याचा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांचा एकत्रित परिणाम कील व आतला सांगाडा कमकुवत होण्यात झाला असावा. किरकोळ घासण्यानेही आत चिकटवलेला सांगाडा सुटू शकतो आणि वरून काहीच दिसत नाही, हेही त्या तपासातून पुढे आले.

‘दिसत नाही, म्हणजे नाही’ असे कधी म्हणता येते? नैयायिकांचे आणि मीमांसकांचे उत्तर काटेकोर आहे: ती वस्तू असती तर दिसलीच असती, एवढे ठरले असेल तेव्हाच. उजेडातल्या मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही, तर तो नाही. पिशाच्चाबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण ते असले तरी दिसण्याजोगे नसते. सांध्यातला बोल्ट आणि सुटलेला सांगाडा याच दुसऱ्या वर्गात मोडतात. म्हणून तपासनिसाने नुसते ‘दोष आढळला नाही’ असे लिहून थांबू नये. कोणते बोल्ट काढले नाहीत, तळाच्या कोणत्या भागापर्यंत हात पोहोचला नाही आणि होडी पूर्वी कधी, कुठे घासली, हे त्याने त्याच कागदावर मालकापुढे ठेवले पाहिजे.