न घडलेल्या आगीचे प्रमाण

मोठ्या निवासी इमारतीसाठी किंवा हॉटेलासाठी डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे वायरमनच्या बोलीतला डीबी, निवडणे म्हणजे काही गोष्टी न घडाव्यात याची तजवीज करणे. दिवे तर जुन्या किटकॅट फ्यूजवरही लागतात. जास्तीचे पैसे मोजले जातात ते न लागलेल्या आगीसाठी आणि न बसलेल्या शॉकसाठी. जे नाही त्याला काही सत्ता आहे का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. वैशेषिकांच्या आरंभीच्या यादीत पदार्थ सहाच होते. ‘अभाव’ हा सातवा मागाहून आला आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त चार प्रकारांसह स्थिरावला.

नैयायिकांचा आग्रह असा की नुसता अभाव कधीच नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. या कसोटीवर ‘इमारत सुरक्षित आहे’ हे विधान अर्धवट ठरते. डीबीतल्या एमसीबीचे, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचचे, प्रतियोगी दोन: ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट. ‘सी’ कर्व्हचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या पाच ते दहा पट प्रवाह आला की तत्क्षणी पडतो; पण माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारे काही मिलिअँपिअर त्याच्या गावीही नसतात. त्यांच्यासाठी गळती ओळखून पडणारा आरसीसीबी हवा. 30 मिलिअँपिअरचा माणसाला वाचवण्यासाठी, 100 किंवा 300 चा आगीच्या धोक्यासाठी मुख्य बाजूला, आणि तोही थोडा उशिरा पडणारा. नाहीतर एका खोलीतला गीझर बिघडला की अख्खा मजला अंधारात. आता टर्मिनलचा एक स्क्रू ढिला राहिला आहे असे समजा. जोड तापतो, इन्सुलेशन काळे पडते, पण प्रवाह मर्यादेत असतो आणि गळतीही नसते. एमसीबी आणि आरसीसीबी दोघेही स्वस्थ. ‘सगळे नामांकित कंपनीचे बसवले आहे’ या उत्तरात प्रतियोगीचे नावच येत नाही.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. ‘वीस वर्षांत काही झाले नाही’ हा इमारतींच्या मालकांचा आवडता पुरावा. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अट घालतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. बंद डीबीतला ढिला स्क्रू किंवा आतून अडकलेला आरसीसीबी हे अंधारातले घडे. टेस्ट बटण दाबणे, स्क्रू आवळून पाहणे, भरल्या लोडवर थर्मल कॅमेरा फिरवणे, हे तिथला उजेड.

जबलपूर हे मध्य प्रदेशाच्या वीजकारभाराचे शहर. एकेकाळी राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय असलेले शक्तिभवन इथलेच. याच शहरात 1 ऑगस्ट 2022 रोजी एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जण दगावले. आग प्रवेशाकडच्या जनरेटरजवळ भडकली आणि बाहेर पडायची वाटही तीच होती. आदल्या दिवशीपर्यंतचा ‘काही झाले नाही’ हा पुरावा तिथेही उपलब्ध होताच.

रुग्णालय आणि हॉटेल यांत एक साम्य आहे: झोपलेल्या माणसाला इमारत ठाऊक नसते. फ्लॅटमधल्या कुटुंबाचा डीबी दारामागे असतो. बटण दाबून पाहणे त्यांच्या हातात असते, मग ते न पाहण्याचा दोषही थोडा त्यांच्याकडे जातो. शरद पौर्णिमेला जबलपूरजवळचा भेडाघाट पाहायला आलेल्या पाहुण्याला असा काहीच वाव नाही. त्याच्या वाट्याची सगळी तपासणी हॉटेलचालकावर पडते, म्हणून खोलीगणिक वेगळा आरसीसीबी ही तिथे चैन म्हणता येत नाही.

अग्निशमन पंपाचा पुरवठा मात्र या साखळीबाहेर, मुख्य पॅनेलवरून स्वतंत्र काढतात. तिथे प्रतियोगी उलटा असतो. टाळायचे असते ते पुरवठा तुटणे, आणि ओव्हरलोडने मोटर जळण्याचा धोका पत्करूनही पंप चालू ठेवायचा असतो.